बिनराजाच्या राज्याचे कारभारी

पुढारी कसा तयार होतो, याविषयी आपल्याकडे दोन मते आहेत. एक असे की, पुढारी हा जन्मावाच लागतो. आणि दुसरे असे की, तो पुढाऱ्याच्या घरी जन्मावा लागतो. पुढारीपण शिकविता येते, त्याचे वर्ग भरविता येतात, त्यालाही अभ्यासक्रम असू शकतो, हे तिसरे मत सहसा आपल्या पचनी पडत नाही. अभ्यासक्रम म्हटला की आपल्याला गाईड आठवते, आणि पुढारी म्हटला की हार. या दोहोंची सांगड घालावी तरी कशी?

यंदाच्या दिवाळीत मी अशाच वर्गांविषयी लिहिणार आहे, आणि तेही इंटरनेटचे पुढारी तयार करणाऱ्या वर्गांविषयी. ‘मराठीच्या मास्तराला ही उठाठेव कोणी सांगितली?’ असे या सदराचे जुने वाचक म्हणतील. त्यांनी थोडा धीर धरावा. या गोष्टीत पुढे आपल्या मराठीतला एक ‘र’ येणार आहे. आणि त्या ‘र’च्या बाजूने बोलायला कोणी हजर असते की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

विषय माझ्याकडे आला तो एका जुन्या विद्यार्थिनीमुळे. संगणकशास्त्र घेऊन बी. एस्सी. करणारी ही मुलगी दुसऱ्या वर्षी मराठीच्या पेपरापुरती माझ्या वर्गात होती. आता ती पुण्यात एका कंपनीत नोकरी करते. इतरांची संगणकजाळी सुरळीत चालतात ना, हे पाहणे तिचे काम. उन्हाळ्यात ती शिफारसपत्र मागायला घरी आली. परदेशातल्या एका संस्थेची पाठ्यवृत्ती होती. काही आठवडे घरी बसून अभ्यास करायचा आणि मग एका आंतरराष्ट्रीय बैठकीला दहा दिवस हजर राहायचे. अर्जात एक रकाना होता : ‘आपल्या नेतृत्वगुणांचे वर्णन करा.’

“सर, मी साधी वर्गप्रतिनिधीसुद्धा नव्हते कधी,” ती म्हणाली. “यात लिहू काय?”

मास्तरांना असा प्रश्न विचारला की ते शब्दाच्या व्युत्पत्तीत शिरतात. मीही शिरलो. ‘नेता’ हा शब्द ‘नी’ या धातूपासून आला, आणि ‘नेत्र’ हाही त्याच धातूपासून. म्हणजे नेता आणि डोळा हे सख्खे भाऊ. “तू इतरांसाठी काय पाहिलेस, ते लिही,” असे मी तिला सांगितले. तिचे समाधान झाले असावे. निदान चहा तरी तिने संपविला. ती गेल्यावर मात्र ही कसली पाठशाळा आहे याचा मी शोध घेऊ लागलो, आणि त्यात माझी उन्हाळ्याची सुट्टी केव्हा सरली ते कळले नाही.

इंटरनेट हे बिनराजाचे राज्य आहे, ही पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. त्याला राजधानी नाही, मंत्रिमंडळ नाही. सरकारे आहेत, प्रचंड कंपन्या आहेत, आणि त्यांचा वचकही मोठा आहे. परंतु एका यंत्राने दुसऱ्या यंत्राशी कोणत्या रीतीने बोलावे, हे कोणा एकाच्या हुकमाने ठरत नाही. ते ठरते सभांतून आणि मसुद्यांतून; आणि या मसुद्यांचा जन्म पाहिला तर मोठे कौतुक वाटते. एप्रिल १९६९ मध्ये स्टीव्ह क्रॉकर या, कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकणाऱ्या चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने पहिले टिपण लिहिले. घरातल्या इतरांची झोप मोडू नये म्हणून ते आपण न्हाणीघरात बसून लिहिले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. आपण विद्यार्थी, नियम सांगणारे आपण कोण, या संकोचाने त्यांनी त्याला नाव दिले ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’. आपल्या भाषेत, ‘अभिप्राय कळवावा ही विनंती’. ते विनंतीपत्र नियमांच्या एका अफाट ग्रंथमालेचे पहिले पान ठरले. आज त्या मालेत नऊ हजारांहून अधिक टिपणे आहेत, आणि नाव अजून तेच : विनंती!

हे मसुदे ज्या सभेत घासूनपुसून तयार होतात तिचे नाव इंटरनेट एंजिनिअरिंग टास्क फोर्स असे पलटणीसारखे आहे. वागणे मात्र गावच्या पारासारखे. जानेवारी १९८६ मध्ये सॅन डिएगो येथे तिची पहिली बैठक झाली तेव्हा २१ माणसे होती. आता हजाराच्या वर जमतात. तिला सभासदत्व नाही. जो येईल तो आपला. तेथे मतदानही घेत नाहीत. सभेचा कल पाहायचा झाला म्हणजे अध्यक्ष सांगतात, ‘ज्यांना हे मान्य असेल त्यांनी गुणगुणावे.’ मग सभागृहातून ‘हूं’ असा आवाज उठतो. आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाराने हुंकार द्यायचा असतो; तोच हा हुंकार. त्यात कोणाची हाताची बोटे मोजली जात नाहीत. विरोधाचा हुंकार बारीक असला, पण त्यामागचे कारण वजनदार असले, तर अध्यक्षाने थांबून ते कारण ऐकावे अशी अपेक्षा असते.

आरंभीच्या दिवसांत या राज्याला पाठशाळेची गरज नव्हती. मंडळी थोडी होती आणि एकमेकांना ओळखत होती. क्रॉकर, व्हिंट सर्फ आणि जॉन पोस्टेल हे तर एकाच विद्यापीठातले विद्यार्थी. पोस्टेल यांनी क्रमांकांची आणि नावांची नोंद इतकी वर्षे सांभाळली की, त्यांना इंटरनेटच्या गावाचे कुलकर्णी म्हणायला हरकत नाही. दप्तर त्यांच्या हाती होते आणि त्यावर लोकांचा विश्वास होता. ऑक्टोबर १९९८ मध्ये ते वारले. त्याच वर्षी ‘आयकॅन’ ही संस्था स्थापन झाली आणि कुलकर्ण्याचे दप्तर कचेरीत गेले. विश्वासाची जागा घटनेने, समित्यांनी आणि कार्यपद्धतीने घेतली. ते अटळ होते. गावाचे जग झाले होते. पण तेव्हापासून नव्या माणसाला नुसते दार उघडे असून भागेना. आत कोण काय बोलतो, कोणत्या कागदाचा अर्थ काय, हे कोणी समजावून देणारा हवा झाला.

म्हणून शाळा निघाल्या. २००७ साली जर्मनीतल्या माइसेन गावी इंटरनेटच्या कारभारावरची उन्हाळी शाळा सुरू झाली. त्याच वर्षी आयकॅनने नवख्यांना सभेस आणण्यासाठी पाठ्यवृत्त्या देण्यास आरंभ केला. इंटरनेट सोसायटीने पुढे काही वर्षे ‘उद्याच्या पिढीचे नेते’ अशा अर्थाच्या नावाचा एक उपक्रम चालविला. वयाची अट वीस ते चाळीस. (मी चाळिशी ओलांडल्यामुळे उंबरठ्यावरच अडलो असतो.) आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत अशा शाळा निघाल्या, आणि २०१६ साली आपल्याकडे हैदराबादेसही भारताची म्हणून एक शाळा भरली.

या शाळांतून शिकवितात काय? यंत्रही शिकवितात आणि धोरणही. आणि ही दोन्ही एकाच डोक्यात का असावी लागतात, याचे एक उदाहरण सांगतो. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तान सरकारने आपल्या देशापुरते यूट्यूब बंद करण्याचा हुकूम काढला. इंटरनेटवरची वाहतूक रस्त्यावरच्या पाट्यांसारख्या सूचनांवर चालते. ‘अमुक ठिकाणी जायचा रस्ता आमच्याकडून’ अशी पाटी एक जाळे लावते आणि शेजारची जाळी तिच्यावर विश्वास ठेवतात. पाकिस्तान टेलिकॉमने लावलेली पाटी घरच्यांसाठी होती. पण ती शेजाऱ्याने पुढे नेली, त्याच्या शेजाऱ्याने आणखी पुढे, आणि सुमारे दोन तास जगातल्या बहुतेक भागांतून यूट्यूबकडे जाणारे लोक भलत्याच आडवाटेला लागले. हुकूम एका देशापुरता होता. पाटीला देशाची शीव कळत नाही. हुकूम लिहिणाऱ्याला पाटीचे आणि पाटी लावणाऱ्याला हुकमाच्या पोहोचेचे ज्ञान असावे, एवढ्यासाठी या शाळा.

परंतु मराठीचा मास्तर म्हणून मला सगळ्यांत गंमत वाटली ती वेगळ्याच पाठाची. मार्च १९९७ मध्ये त्या टिपणांच्या मालेत अगदी दोन-तीन पानांचे एक टिपण निघाले. त्यात ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’ या तीन इंग्रजी शब्दांचे अर्थ कायमचे बांधून टाकले आहेत. पहिला शब्द आला की ते केलेच पाहिजे. दुसरा आला की ते करावे. न करायला सबळ कारण असू शकते, पण परिणामांचा पुरता विचार करूनच ते टाळावे. तिसरा आला की मर्जी तुमची. जगभरची यंत्रे या तीन क्रियापदांवर चालतात!

आता आपल्या विध्यर्थाची आठवण करा. ‘वडिलांचे ऐकावे’ यात कर्तव्य, ‘उद्या बहुधा पाऊस पडावा’ यात शक्यता, ‘पोरीला चांगले स्थळ मिळावे’ यात इच्छा. आणि रूप तिन्हीकडे तेच. कवितेला हे वरदान आहे, नियमाला संकट. ‘ग्राहकाची संमती घ्यावी’ असे एखाद्या मराठी मसुद्यात लिहिले, तर ती आज्ञा की सद्‌बोध? हा भेद ज्याच्या कानाला चटकन जाणवतो, तो तरुण अर्धा पुढारी झाला असे मी समजतो. वर्षानुवर्षे मी विध्यर्थ शिकवीत आलो. त्याला एवढी मागणी असेल असे कधी वाटले नव्हते.

आता तो ‘र’. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ आपण व्याख्यानाला बोलावतो आणि ‘आचाऱ्यांना’ लग्नाच्या स्वयंपाकाला; यात घोटाळा झाला तर दोन्ही समारंभ बिघडतात. हा अर्धा ‘ऱ’ आम्हां मराठी माणसांचा जीव की प्राण. हिंदीचे त्यावाचून अडत नाही. यंत्राच्या पोटात मात्र अक्षर म्हणजे एक क्रमांक. जगातल्या लिप्यांना क्रमांक देणारी युनिकोड नावाची नोंदवही आहे. तिच्यात हा अर्धा ‘ऱ’ दोन रीतींनी लिहिता येतो. एक, टिंबाचा ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन. दुसरी, साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे डोळ्याला न दिसणारे एक जोडचिन्ह वापरून. वाचणाऱ्याला दोन्ही एकच. यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द. संकेतस्थळाच्या नावात असे झाले तर एकाच्या दारावरची पाटी दुसरा लावून बसेल. म्हणून नावांच्या सर्वांत वरच्या यादीत त्या अदृश्य जोडचिन्हाला मज्जाव आहे. तेव्हा आपला ‘ऱ’ तेथे टिकवायचा तर तो टिंबाच्या अक्षराच्या आधारानेच टिकतो. आणि त्या अक्षराची मराठीला का गरज आहे, हे नियम करणाऱ्यांच्या बैठकीत कोणी तरी सांगावे लागते. भारतीय लिप्यांसाठी अशी नियमावली करणारे एक मंडळ होते. त्याने देवनागरीसह नऊ लिप्यांचे नियम तयार केले. ते काम जाणत्या माणसांनी चिकाटीने केले. त्यांचे हार-तुरे कोणी केल्याचे मी तरी वाचले नाही.

तीच गोष्ट ‘ॲ’ची. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक मिळाला तो २००८ साली. तोवर ‘अ’ लिहून त्यावर चंद्र चढवावा लागे. ‘.भारत’ हे देवनागरी आडनाव ऑगस्ट २०१४ मध्ये आठ भाषांसाठी खुले झाले. त्यांत मराठी आहे आणि कोकणीही आहे. देवनागरीत ई-मेलचा पत्ता कसा चालावा याचा नियम २०१२ पासून लिहिलेला आहे. तरीही असा पत्ता घालून पाहा. कितीतरी अर्ज ‘पत्ता चुकीचा आहे’ असे म्हणून तो परत करतात. नियम आहे, पण तो पाळायला लावणारा कारभारी नाही.

‘पण आमच्यासारख्यांचे तेथे ऐकतो कोण?’ असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर आपल्या घरातच आहे. मार्च २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, एक विचारपत्रिका काढून लोकांची मते मागविली. काही संकेतस्थळे स्वस्त आणि काही महाग असा भेद कंपन्यांना करू द्यावा का, हा तिच्या पोटातला प्रश्न होता. एरवी असले कागद वकिलांखेरीज कोणी उघडत नाही. त्या वेळी काही तरुण वकील, संगणकतज्ज्ञ आणि पत्रकार एकत्र बसले, त्यांनी तो कागद सोपा करून सांगितला, उत्तरे कशी द्यावीत ते दाखविले, आणि दहा लाखांवर पत्रे प्राधिकरणाकडे गेली. डिसेंबरात आणखी एक पत्रिका निघाली, पुन्हा वादविवाद झाला, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी असा दरभेद करण्यास मनाई करणारा नियम आला. त्यांत कोणी मोर्च्याच्या अग्रभागी घोड्यावर बसले नव्हते. त्यांनी कागद वाचला होता, एवढेच. पण नीट वाचला होता.

असो. या सगळ्याला एक काळी बाजूही आहे आणि ती दडविण्यात अर्थ नाही. सभेचे दार सर्वांना उघडे असले तरी तेथवरचा रस्ता सर्वांना परवडत नाही. मोठमोठ्या कंपन्यांची माणसे पगारी येतात; बैठकीला बसणे हेच त्यांचे काम. आमची पोरे रजा काढून जाणार. इंग्रजी फर्डे असणाऱ्याचा मुद्दा लवकर पोहोचतो, आणि अडखळणाऱ्याचा मुद्दा खरा असूनही रेंगाळतो. शिवाय या पाठ्यवृत्त्यांनी एक नवीनच जात निर्माण होण्याचे भय असते : गळ्यात ओळखपत्र घालून या परिषदेतून त्या परिषदेत जाणारे, सर्वत्र छायाचित्रात असणारे आणि कोठेही एक ओळ न लिहिणारे. वारीला जाऊन नुसते कळसाचे फोटो काढणाऱ्याला आपण वारकरी म्हणत नाही.

माझ्या विद्यार्थिनीची निवड झाली. आणि कंपनीने दहा दिवसांची रजा नाकारली. “याने पगार वाढणार आहे का?” हा घरचा प्रश्न, आणि “आपल्या कंपनीला याचा काय उपयोग?” हा साहेबांचा. दोन्ही प्रश्न रास्त होते. तिच्यापाशी दोहोंचेही उत्तर नव्हते. या सभांचे एक बरे आहे की, त्या दुरूनही ऐकता येतात आणि दुरून बोलताही येते. दिवसभर नोकरी करून ती रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कानांत यंत्र अडकवून बसली. लेखी चर्चेत एका मसुद्यात तिला मराठी अक्षरांविषयीचे एक विधान अर्धवट वाटले. तिने धीर करून तसे कळविले. उत्तर अवघ्या एका ओळीचे आले. त्याचा भावार्थ असा : मुद्दा पटतो, आता मजकूर पाठवा.

हे उत्तर मला फार आवडले. तक्रार ऐकली जाते, पण तक्रारीवर थांबता येत नाही. ‘काय असायला हवे’ ते तुम्हीच शब्दांत लिहून द्यायचे. मग त्या शब्दांवर चर्चा. आपल्या सार्वजनिक आयुष्यात सूचना करणारे पुष्कळ आणि मजकूर देणारे थोडे. माझ्या मते त्या साऱ्या अभ्यासक्रमाचे सार या एका वाक्यात आले आहे. तिने रात्री अकरा वाजता मला फोन केला. आम्ही दोघांनी मिळून ‘ऱ’वर सहा वाक्ये लिहिली, मग तिने त्यांची चार केली, आणि ती चार माझ्या सहांपेक्षा चांगली होती. ती धाडली आहेत. हुंकार अनुकूल येतो की प्रतिकूल, ते अजून कळायचे आहे.

आता माझ्यासारख्या मास्तरांनी काय करावे? आम्ही निबंधाला ‘मी पंतप्रधान झालो तर’ हा विषय देतो. त्याऐवजी मुलांना एखाद्या सभेला बसवून तिचे इतिवृत्त लिहायला सांगावे. दहा पानी सरकारी कागदाचा एका पानात सारांश करायला लावावा. ज्याचे मत आपल्याला पटत नाही त्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडायला शिकवावे. हे सारे मराठीत होते, आणि मराठीत आले म्हणजे दुसऱ्या भाषेत न्यायला वेळ लागत नाही. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी वर्षाकाठी एखाद्या तरुणाला दहा दिवसांची भरपगारी रजा द्यावी. ज्या जाळ्यावर त्यांचा सारा धंदा चालतो, त्याची राखण कोणी तरी करतच आहे.

आणि वाचकांना एकच विनंती. ट्रायच्या विचारपत्रिका वर्षभर निघतच असतात आणि त्यांवर मते पाठवायला मुदत दिलेली असते. दिवाळीच्या सुट्टीत हा अंक वाचून संपला म्हणजे त्यांतली एखादी उघडावी, घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला शेजारी बसवावे, आणि निदान एका प्रश्नाचे उत्तर लिहून पाठवावे. वाचताना कोठे ‘करावे’ आहे आणि कोठे ‘केलेच पाहिजे’ आहे, तिकडे मात्र लक्ष असू द्यावे.